दारात अडकलेला पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. नुसता जुना नाही, चांगला अवाढव्य आणि आडमुठाही आहे. या आडमुठेपणानं एक घर वाचवलं, म्हणून आज जरा तोऱ्यात बोलतोय.

एका सुतारानं मला लेकीच्या लग्नासाठी घडवलं. खिळा नाही, स्क्रू नाही. सगळे सांधे खुंट्या ठोकून, सरस लावून कायमचे पक्के. "सुटा होतो तो पलंग कसला?" असं तो ऐटीत म्हणायचा. त्याचा जावई बेकरीत भट्टीवर कामाला होता. पोरं माझ्यावर उड्या मारायची, जावयाच्या सासूबाई, म्हणजे सुताराची बायको, दुपारी घोरायच्या. पाहुणे माझ्या नक्षीचं कोण कौतुक करायचे!

पुढे घरमालकाला एका खोलीत दोन भाडेकरू बसवायची हौस आली. मध्ये भिंत उभी राहिली. रुंद दार जाऊन अरुंद दार आलं. मी आतच राहिलो. "किती जागा खातो मेला!" सुताराची लेक गुडघा चोळत म्हणायची. मला फार वाईट वाटायचं.

मग जावयाचा हात भट्टीत भाजला. काम थांबलं, भाडं थकलं. "हात बरा होईपर्यंत थांबा," त्यानं मालकाला विनवलं. एका सकाळी मात्र मालक दोन हमाल आणि नवा भाडेकरू घेऊन दारात हजर! "आत्ताच्या आत्ता खोली रिकामी करा!"

भांडी रस्त्यावर गेली. धाकटी दप्तर कवटाळून उभी राहिली.

शेवटी माझी पाळी आली. हमालांनी मला आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. मी दारात गच्च!

"साहेब, हा आत आला तरी कसा?"

"तुमच्या साहेबांनी दार अरुंद करण्याआधी!" सासूबाई आतून म्हणाल्या.

"करवत आणा!" मालक ओरडला.

हमालांनी दम खायला मला परत आत टेकवलं, तशा सासूबाई माझ्यावर मांडी ठोकून बसल्या. "ह्यांच्या हातचं काम आहे. आधी मला कापा." हमालांना हसू आवरेना.

नव्या भाडेकरूनं जावयाला विचारलं, "तुम्हाला खोली सोडायला सांगितलं कधी?"

"आत्ता, तुमच्यासमोरच."

तो मालकाकडे वळला. "म्हणजे उद्या माझा हात भाजला, तर माझंही असंच?"

"अहो, तुमची गोष्ट वेगळी!"

"वेगळी कशी? दार तेच, मालक तोच." त्यानं रस्त्यावरचं एक पातेलं उचलून आत ठेवलं आणि तो निघून गेला. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भाडेकरू गेला, पलंग हलेना. कुरकुरत का होईना, मालक हात बरा होईपर्यंत थांबायला तयार झाला.

हात बरा झाला, भाडंही हळूहळू फिटलं. आता सुताराची लेक मला रोज पुसते. गुडघा आपटला तरी हसते.

पण मित्रांनो, सगळ्यांकडे कुठे असा पलंग असतो? काहींकडे नुसती सतरंजी असते, ती कुणीही बाहेर भिरकावेल. म्हणून सरकारनंच नियम करायला हवा. भाडेकरूला आधी कळवा, त्याचं म्हणणं ऐकून घ्या, आजारी पडलेल्याला, काम गेलेल्याला सावरायला वेळ द्या. त्याआधी कुणाचंही सामान रस्त्यावर येता कामा नये. नियम चांगला दणकट असू द्या, कुणाला सुटा करता येणार नाही असा. मोठ्यांकडे तुम्हीही तो मागा. कारण मी बापडा एकाच दारात अडकू शकतो.