डाग न दाखवणारी उशी

मी एक जुनी उशी आहे. रंगाने काळी, आकाराने गोल आणि मधोमध भोक असलेली. मित्रांनो, हसू नका. माझे हसे आधीच पुष्कळ झाले आहे.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या छोट्या गावात बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाचा बर्फ गुळगुळीत करणारे एक मोठे यंत्र आहे. ते चालवणाऱ्या ओरेस्टला बसताना दुखू लागले, तेव्हा त्याने मला विकत आणले. "काळी आहे, डाग दिसणार नाही," असे दुकानदाराने माझे कौतुक केले. मी अगदी फुगून गेले.

"काय रे, अंडी उबवतोस का?" त्याचा दोस्त गॉर्डन भर कँटीनमध्ये ओरडायचा. सगळे खो खो हसायचे. ओरेस्टही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

एक दिवस मला रक्त लागले. "मूळव्याध, दुसरं काय!" असे पुटपुटत त्याने ते फडक्याने पुसले. डाग खरोखरच दिसला नाही. पुढे पुन्हा लागले, त्याने पुन्हा पुसले.

त्याच सुमारास पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांसारखी त्यालाही सरकारकडून, आतड्याचा कर्करोग वेळीच कळावा म्हणून, शौचाच्या तपासणीची डबी आली. थोडा नमुना घालून पाकीट टपालात टाकायचे, एवढेच काम. पण आमच्या टपाल कचेरीत त्याची मेहुणी वर्ना बसते. ती पाकीट ओळखणार, हातात धरणार! नुसत्या विचारानेच तो शरमेने अर्धा झाला. डबी हत्यारांच्या पेटीत पान्यांखाली गेली आणि तिथेच राहिली.

दोन हिवाळे गेले. ओरेस्ट पांढराफटक पडला. अंगावर उगाचच काळेनिळे वळ उठू लागले, नाकातून रक्त येऊ लागले. शहरातल्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून पाहिले. मोठ्या आतड्यातला कर्करोग अस्थिमज्जेत, म्हणजे रक्त जिथे तयार होते तिथेच, जाऊन बसला होता. औषधाने थोडे दिवस मिळतील, बरे होणे नाही.

परवाच्या सामन्याला ओरेस्ट वर्नाचा हात धरून आला. कँटीनच्या टेबलावर त्याने माझी काळी खोळ काढली. आतला पांढरा फोम तांबूस-काळा पडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बघा हा डाग," तो म्हणाला. "वर्नाला लाजलो आणि पाकीट टाकलं नाही."

वर्ना रडूच लागली. "अहो भाऊजी, अख्ख्या गावाची पाकिटं मी पोत्यात टाकते! एवढ्यासाठी जिवावर उदार झालात?"

कोणी हसले नाही. गॉर्डन खाली बघत म्हणाला, "माझीही डबी घरी पडलीय."

"सोमवारी पाकीट टाक," ओरेस्ट म्हणाला. "नाहीतर ही उशी तुझ्या दारात आणून ठेवीन. मग बस अंडी उबवत."

मित्रांनो, डाग लपवते म्हणून कोणाचे कौतुक करू नका. अंगातले रक्त बाहेर दिसले, तर वेळीच सांगा. लाज नंतरही वाटून घेता येते.

सोमवारी गॉर्डनने पाकीट टाकले. मी अजून कँटीनच्या टेबलावरच आहे. ओरेस्टने मला पुन्हा खोळ घालू दिलेली नाही.