मालाबाचं झाड कसं गावी गेलं

तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचासुद्धा बसला नव्हता, आणि तिनं तर माझ्यावर विश्वास ठेवून लग्न केलं होतं. पण बुलावायोच्या या बागेतलं एक झाड स्वतः चालत बस पकडायला गेलं. तुम्ही बसलाय ना, त्या नव्या बाकाच्या जागी ते उभं होतं.

झाड मालाबाचं. आम्ही दोघं तीस वर्षं इथं कामाला. तो पाणी घालायचा, मी करवत चालवायचो. त्याचा थोरला, झेंझो, जोहान्सबर्गच्या खाणीत गेला आणि तिथंच मातीआड झाला. आमच्यात असं कुणी परमुलखात गेलं की बापानं उम्फाफाची, त्या काटेरी बोरीची फांदी घेऊन थडग्यावर जायचं, पोराच्या आत्म्याला हाक मारायची आणि फांदीवर बसवून घरी आणायचं. वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, फांदी खाली ठेवायची नाही. मालाबानं सगळं पाळलं. पोराला खिडकीची जागा दिली. लिम्पोपो आली तेव्हा नदीला पाणी किती आहे तेही त्याला सांगितलं.

इथं उतरला तर केझीची, त्याच्या गावची, शेवटची बस गेलेली. ऊन असं की फांदीची पानं माना टाकायला लागली. माळ्याचा हात तो! बागेत आला आणि उद्यापर्यंत जगावी म्हणून फांदी ओल्या मातीत खोचली. सकाळी पानं टवटवीत. उपटवेना त्याला. दोन दिवस राहू दे, म्हणाला. त्या दोन दिवसांची अठरा वर्षं झाली. रोज दुपारी झाडाखाली जेवायचा आणि कुठली गाय व्याली, बहिणीला कुठलं स्थळ आलं, सगळं पोराला सांगायचा. तिकडे केझीत बायको मात्र मुलाची चटई अंथरून बसलेली. तिनं नवऱ्याला कधीच माफ केलं नाही.

मग बागेचे दिवस पालटले. कारंजं दुरुस्त झालं, जुन्या दिव्यांना रंग लागला. समितीच्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आणला. त्यात या जागी गुलाब होते, मधे बाक होता. मालाबा टोपी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. बाई भल्या होत्या. ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, शनिवारी ताजी फांदी तोडून मुलाला घेऊन जा, आम्ही सोमवारी कापू.

मालाबा केझीला गेला. ज्वारीची बिअर घालायची होती, वडीलधाऱ्यांना बोलवायचं होतं. जाताना मला एवढंच म्हणाला, "मी येईपर्यंत झेंझोकडे लक्ष ठेव."

गुरुवारी समितीचा निरोप आला: बाग बघायला पाहुणे उद्याच येतायत, जागा आजच मोकळी हवी. करवत माझ्या हातात.

आता ऐका. मी करवत लावली, तर दाते ओल्या पावासारखे वाकले. झाडानं अंग झटकलं, एकेक मूळ सोडवलं, फाटकातून बाहेर पडलं. सिग्नलला थांबलंसुद्धा. स्टँडवर रांगेत उभं राहिलं. काटे लागू नयेत म्हणून बायकांनी त्याला पुढे जाऊ दिलं. केझीला मालाबा अंगणात होता. झाड त्याच्यासमोर जाऊन उभं राहिलं, आणि त्याच्या बायकोनं अठरा वर्षांनी चटई...

"मामा."

मागे शेंगांची पाटी घेऊन मालाबाची मुलगी नोम्सा उभी होती. कधी आली, कळलं नाही. बाकावरचे हसायचे थांबले.

"झाड चालत नाही गेलं, मामा. तुम्ही कापलंत. शनिवारी मी होते बाबांबरोबर. फांदी सोडा, पानसुद्धा ठेवलं नव्हतं कुणी. मातीत थोडा भुसा होता, तो बाबांनी रुमालात बांधला. बस तापली होती, लोक ओरडत होते, पण भुसा उडेल म्हणून केझीपर्यंत त्यांनी खिडकी उघडू दिली नाही."