तानीची ओळ

सातपाटीत सुटीचा दिवस तेजलला खायला उठायचा. बाप बोटीवर, आई मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात, आणि दाराला कुलूप. अख्ख्या गावात तिची मैत्रीण म्हणजे एकटी दीपा. दुपारचं जेवणही दीपाकडेच, तिची आई रंभाबाई वाढेल ते.

रंभाबाईची बोंबील सुकवायची वलांडी गावात सगळ्यांत लांब होती, आणि जीभ तिच्याहून लांब. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील घालायला यंदा तिनं जव्हारकडची तानी ठेवली होती. भातकापणी उरकून तानी तान्ह्या पोरासकट खाली आली होती आणि वलांडीमागच्या झोपडीत राहत होती. काम गेलं तर झोपडीही जाणार.

शनिवारी संध्याकाळी तिची शेवटची ओळ अर्धी व्हायची होती आणि झोपडीत पोर तापानं रडत होतं. तेजलला ते ऐकवेना.

"तू जा गं तानी, आमी घालतो," ती म्हणाली. दीपानंही मान हलवली.

इथवर दोघी शहाण्यासारख्या वागल्या. मग कोण आधी संपवतं याची शर्यत लागली आणि सगळा घोळ झाला. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत नीट अडकवायचे आणि मग ती जोडी दोरीवर टाकायची, हे कोळ्याच्या पोरीला काय शिकवायला हवं? पण घाईत कसेबसे दात लागले की जोडी टाकून दोघी पुढे पळत होत्या. पहाटे वारा सुटला, जोड्या सुटून वाळूत पडल्या आणि कुत्र्यांची दिवाळी झाली.

सकाळी रंभाबाईनं विचारलं, "ही ओळ कोनाची?"

"माजी," तानी म्हणाली.

"मग आजच झोपडी खाली कर. माजी मासळी कुत्र्यांना घालायला नाय ठेवलं तुला."

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि खरं ठाऊक असलेल्या दोघी तिथंच उभ्या होत्या. तेजलनं दीपाकडे पाहिलं. दीपा पायानं वाळू उकरत होती. तेजलला भीती वाटली. दीपाचं दार बंद झालं तर आपल्याला दुसरं घर नाही, हे त्या दहा वर्षांच्या पोरीला पुरतं कळत होतं.

"काकी, तानीनं नाय घातली. तिचं पोर रडत होतं म्हणून मीच तिला पाठवलं. बोंबील मी घातले."

"एकटीनं?"

दीपानं मान वर केली नाही.

"एकटीनं," तेजल म्हणाली.

रंभाबाई बोलायला लागली ती थांबेचना. आईबापाचं वळण काढलं, खाल्लेलं अन्न काढलं. तानीला मात्र तिनं कामाला लाग म्हणून सांगितलं. मग लेकीचा दंड धरला.

"हिच्यासंगं परत दिसलीस तर बघ. चल घरी."

'दोगींनी' हा एक शब्द तेजलच्या ओठांवर आला होता. तो तिनं गिळला. वाटलं, दीपा निदान वळून तरी बघेल. ती वळली नाही.

दुपारी तेजल आपल्या घराच्या पायरीवर उपाशीच बसली होती. तानी आली, अर्धी भाकर तिच्या हातावर ठेवून शेजारी टेकली.

"दोगी होतात तुमी. जाताना मी बघितलं होतं."

"मग सकाळी बोलली का नाय?"

"माजं कोन आयकतं? आन आयकलं असतं, तं तुमाला मार पडला असता."

सकाळपासून न आलेलं रडू तेव्हा तेजलला आलं. तानीनं आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं. पण तानीला बसून चालणार नव्हतं. रंभाबाई वलांडीवरून हाका मारत होती. ती उठून गेली. आई बोईसरहून यायला अजून चार तास होते.