खांडबाऱ्याची हवा

रतिलालची मोटरसायकल पंक्चर व्हायची ती खांडबाऱ्यालाच. नंदुरबारात रस्ताभर खिळे पडलेले असत, पण तिथे तिचं चाक शहाण्यासारखं चाले. बाजाराच्या दिवशी भाजीपाल्याच्या बियाण्याची थैली टाकीवर टाकून तो खांडबाऱ्याला गेला, की संध्याकाळी उशिरा परत येई आणि पायरीवर चपला काढता काढता सांगे, "पंक्चर व्हयनी व."

त्याच्या बायकोला, कमलबाईंना, आधी त्यात काही वाटलं नव्हतं. गाडी जुनी होती. मुलगा ललित शाळेत जायला लागला त्या वर्षी घेतलेली. तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या गाड्यांना तारांची चाकं होती आणि यांच्या गाडीला ओतीव अलॉयची. बायका चाकाला हात लावून बघायच्या. पहिल्या दिवशी कमलबाई मागे बसल्या आणि हिरवी साडी सावरत माहेरी, लोणखेड्याला जाऊन आल्या. आईनं गाडीची दृष्ट काढली होती. आता ललित सुरतेला नोकरीला होता, आई नव्हती, हिरवी साडी गोधडीत शिवली गेली होती. गाडी तेवढी होती.

मग एक दिवस शेजारचे शांतीलाल ओट्यावर तंबाखू मळत म्हणाले, "वहिनी, रतिलालभाऊनी गाडी खांडबाराले बरी पंक्चर व्हस! तठे पंक्चर काढनारी बाई शे, माहीत शे ना?"

"बाई?"

"ठकुबाई. मामाना घरना शेजारनी. भाऊ लहानपनी मामाकडेच व्हतात ना!" आणि ते हसले. नुसते हसले असते तरी चाललं असतं, पण हसताना त्यांनी डोळा मिचकावला.

त्या संध्याकाळी कमलबाईंनी नवऱ्याचा सदरा धुण्याआधी नाकाशी धरला. पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. घरात दिवसभरात मोजून चार शब्द बोलणारा हा माणूस खांडबाऱ्याहून आला की न्हाणीत गुणगुणत असे.

कमलबाई रात्रभर तळमळत बसल्या नाहीत. त्यांनी उपाय शोधला. सून काजल सुरतेहून फोनवर सहज म्हणाली होती, की त्यांच्या स्कूटरला ट्यूबलेस टायर आहे, पंक्चरची कटकटच नाही. कमलबाईंनी तेवढं पदराला बांधलं. पुढच्याच आठवड्यात, मागचा टायर झिजल्याचं निमित्त करून, त्या नवऱ्याला घेऊन नवनीतच्या टायरच्या दुकानात उभ्या राहिल्या.

नवनीतनं चाक उघडून आत बोट फिरवलं. "काकू, जुनं चाक शे हाई. नवा चाकले आतमा उंचवटा ऱ्हास, टायरनी कड तठे आडकी बठस. याले तो नही शे. टायर ट्यूबलेस टाका, पन आत ट्यूब ऱ्हाऊ द्या."

"ट्यूब राही ते पंक्चर बी राही," कमलबाई म्हणाल्या. "ट्यूब काढ."

"हवा टिकाव नही, काकू."

"तू काढ, भाऊ!"

नवनीतनं रतिलालकडे पाहिलं. रतिलालनं आभाळाकडे पाहिलं. ट्यूब निघाली.

पंक्चर खरंच थांबलं. पण ओतीव चाकाला बारीक छिद्रं होती, कडेनंही हवा पाझरे. नंदुरबारला टम्म भरलेलं चाक खांडबाऱ्यापर्यंत मऊ होई. आधी पंक्चर झालं तरच थांबणारा रतिलाल आता जातानाही हवा भरायला थांबे आणि येतानाही. वर घरी येऊन म्हणे, "तुन्हा टायर भारी शे व. पंक्चरनं नावच नही."

हे दोनदा थांबणंही शांतीलालांनीच कमलबाईंच्या कानावर घातलं. आपल्याच हातानं आपण त्याला त्या बाईच्या दारात दोनदा उभं केलं! पुढच्या बाजाराला त्या पातळ बदलून गाडीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी बी येस."

"उन्हामा कसाले?"

"खांडबारा दखाले."

बियाण्याची थैली पुढे सरकवून रतिलालनं त्यांना बसायला जागा केली.

दोघांचं वजन, खड्ड्यांचा रस्ता आणि मऊ पडत चाललेलं चाक. खांडबाऱ्याच्या अलीकडच्या वळणावर गाडीचं मागचं अंग एकदम डुललं. टायरची कड चाकावरून सुटली, फस्सकन सगळी हवा गेली. रतिलालनं पाय टेकून गाडी कशीबशी सावरली. मग तो पुढून हँडल धरून ओढू लागला आणि कमलबाई मागून ढकलू लागल्या. भर उन्हात, घामानं कुंकू ओघळत, त्या स्वतःच ती गाडी ठकुबाईच्या दारापर्यंत ढकलत घेऊन गेल्या.

ठकुबाई त्यांच्याच वयाची निघाली. हाडकुळी, केस पिकलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात काळे. कमलबाईंच्या मनावरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं.

मग रतिलाल बोलायला लागला, आणि ते दुप्पट होऊन परत बसलं.

तो अहिराणी बोलत नव्हता, मराठीही नव्हे. तिकडच्या डोंगरातल्या लोकांची बोली तो घडाघडा बोलत होता, हात नाचवून, मध्येच कुणाची तरी नक्कल करत. ठकुबाई टायरखाली पट्टी खुपसत उत्तरं देत होती. रतिलाल मान मागे टाकून हसला. त्याच्या पडलेल्या दाढेची फट दिसली. इतकी वर्षं संसार केला, पण ती फट कमलबाईंना हसताना कधी दिसली नव्हती. बाई देखणी असती तर दोन शिव्या घालता आल्या असत्या. या बोलीला काय घालणार?

टायर निघाला. आत ट्यूब नाही हे बघून ठकुबाईनं काहीतरी खडसावून विचारलं. रतिलाल छातीवर हात ठेवून दोन वाक्यं बोलला आणि ती खो खो हसली.

"मन्हावर हसी ऱ्हायनी ना?" कमलबाई ताडकन म्हणाल्या. "काय बोलनात तुम्ही?"

रतिलाल चाकाकडे बघू लागला. ठकुबाईच मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "तुला नाही हसले, बाई. तो सांगतो, ट्यूब मीच काढली, बायको नको नको म्हणत होती. पहिल्यापासून येडा आहे हा!"

कमलबाई खाली बघत राहिल्या. नवऱ्यानं त्यांची बाजू घेतली होती, खोटं बोलून घेतली होती. पण तीही त्या बोलीतच, आणि अर्थ सांगितला तोही दुसरीनंच. जीव सुखावला आणि परत जळला.

"ट्यूब टाक, बाई," त्या म्हणाल्या. "नवी टाक."

बाजार आटोपून परतताना गाडी कडक चाकावर नीट चालली.

"पुढला बाजारले बी मी येसू," कमलबाई म्हणाल्या.

"मोठी थैली व्हई. बठशी कोठे?"

"मांडीवर लिसू थैली." मग थोडं थांबून, "तठे पानीले काय म्हनतस?"

रतिलालनं मान किंचित वळवली आणि एक शब्द सांगितला. कमलबाईंनी तो म्हणून पाहिला. जीभ भलतीकडेच वळली आणि रतिलाल हसला. ठकुबाईपुढे हसला त्याच्या निम्मंसुद्धा नसेल, हे कमलबाईंनी बरोबर ताडलं. तरी हाताखाली त्याची पाठ हलल्याचं त्यांना जाणवलं.

"आखो सांगा," त्या म्हणाल्या.

त्यानं पुन्हा सांगितला. आता शब्द त्यांना चांगला कळला होता. पण त्यांनी तो मुद्दामच, पहिल्यापेक्षाही वाईट म्हटला.