गव्हर्नर व्हेर्दुझाँ यांचे मेज

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाचे एक जुने मेज आहे. फ्रान्सच्या गास्कोनी भागातल्या एका सुताराने मला घडवले ते ओरेलियाँ व्हेर्दुझाँ नावाच्या तरुण वकिलासाठी. हा वकील पुढे खासदार झाला. मग सरकारने त्याला दूरच्या एका बेटावर गव्हर्नर म्हणून पाठवले. माझे पाय सुटे करून त्याने मलाही जहाजावर चढवले.

बेटावर सगळीकडे ऊस. तो तोडायला समुद्रापलीकडून मजूर आणत. तीन वर्षे काम, मग सरकारी खर्चाने घरी. त्या करारांवर साहेबांनी माझ्यावरच सह्या केल्या होत्या.

मुदत संपली. मजुरांना घरी न्यायला जहाज बंदरात लागले. तेव्हा साखरवाल्यांचे पुढारी रोझांबो एक हुकूम लिहूनच घेऊन आले. मजुरांना आणखी तीन वर्षे ठेवून घ्यायचे होते.

"साहेब, एवढी सही करून टाका. पॅरिसमध्ये मंत्रिपद तुमची वाट बघतंय. आमच्या शब्दाला तिथं वजन आहे."

राव्हाओ नावाची मजूरबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी आले तेव्हा माझी लेक रांगत होती, साहेब. आता मला ओळखेल तरी का?"

साहेबांचा हात बराच वेळ माझ्या कडेवरून फिरत राहिला. मंत्रिपदाची त्यांना फार हौस होती. ते मला ठाऊक होते. मग त्यांनी तो हुकूम घडी घालून परत दिला.

"रोझांबो, माझी सही तीन वर्षांपूर्वीच झालीय. या बाईच्या कागदावर."

जहाज भरून गेले. चार महिन्यांत साहेबांची गव्हर्नरकी गेली.

"मंत्रीणबाई व्हायचं राहिलंच की माझं!" त्यांच्या पत्नी ओनोरीन सामान बांधताना म्हणाल्या. "जाऊ दे. गावी लोणी तरी ताजं मिळेल."

गावी साहेब अठरा वर्षे महापौर होते. लोकांचे अर्ज ते माझ्यावरच लिहीत. माझ्या आयुष्यातले तेच सर्वांत सुखाचे दिवस. ते गेल्यावर मात्र मी माळ्यावर पडलो. वाळवी लागली. शेवटी नात देल्फीनने मला खाली उतरवले, मेण चोळले आणि नगरभवनाला दिले.

आता नवी जोडपी माझ्यावर लग्नाची सही करतात. परवा एक नवरी दोन्ही कोपरे टेकून, ओठ दाबून आपले नाव लिहीत होती. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, लिहिणाऱ्याचा भार मला अजून झेपतो. ऊन तेवढे सोसत नाही. मला खिडकीपासून जरा दूर ठेवाल?