लाकडातच ठेवावा

यज्ञेश्वर शेणव्यांना जाऊन बारा दिवस झाले होते आणि नारोपंत कारभारी त्यांच्या दारात एक कागद घेऊन उभे होते. दुखवट्याला नव्हे, सही घ्यायला.

शकू आतल्या उंबऱ्याशी उभी राहिली. तिचा नवरा उत्तरेकडे फौजेत होता, म्हणून दोन वर्षं ती पुण्यात माहेरीच होती. वडिलांचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं होतं. धाकटा भाऊ दिगंबर पडवीत कारभाऱ्यांसमोर मान खाली घालून बसला होता.

"वाचा, दिगंबरपंत," नारोपंत म्हणाले. "दोनच ओळी आहेत. जड नाहीत."

दिगंबरने वाचलं. आमच्या तीर्थरूपांनी फिरंगी वकिलाच्या पत्राचा अर्थ चुकीचा लावला. रसातला दोष त्यांनी सरकारास कळवला नाही, सबब वाड्यातली माणसं आजारी पडली.

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतली गोष्ट. यज्ञेश्वर शेणवी मूळचे गोव्याकडचे. त्यांना पोर्तुगीज उत्तम येई, म्हणून शनिवारातले एक बडे सरदार गोव्याहून येणारी पत्रं त्यांच्याकडून वाचून घेत. नारोपंत या सरदारांचेच कारभारी, आणि दिगंबर वडिलांच्या हाताखाली वाड्याच्या दफ्तरात लिहायला होता. माघात गोव्याच्या वकिलाने सरदारांना एक लाकडी पीप नजर केलं. आत तांबडा द्राक्षरस, सहा वर्षं पिपातच मुरलेला. सरदारांची प्रकृती तोळामासा. वैद्यबुवांनी औषध म्हणून थोडा थोडा घ्यायला हरकत नाही असं सांगितलं. शास्त्रार्थ झाला, सोय झाली.

आबांनी, म्हणजे शकूच्या वडिलांनी, त्या रसाचा थेंबही चाखला नव्हता. पण पत्राचा नुसता अर्थ लिहून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वकिलाबरोबर आलेल्या म्हाताऱ्या कप्तानाला गाठून त्यांनी त्याच्या मुलखाची खडान्‌खडा माहिती काढली. दोउरू नावाची नदी. दोन्ही काठांना पाटीच्या दगडाचे उभे डोंगर. माणसं पहारीने दगड फोडतात, त्याच्या बांधासारख्या ताली रचतात आणि मूठमूठ मातीत वेल लावतात. उन्हाळ्यात दगड भाजतात, हिवाळ्यात बोटं वळत नाहीत. एकेका मळ्यात सात-सात जातींची द्राक्षं सरमिसळ. एकीचा रंग, एकीचा तुरटपणा, एकीचा नुसता वास. सगळी एकदम खुडतात, दगडी हौदात पायांनी तुडवतात, मग रस वर्षानुवर्षं लाकडात ठेवतात. पिपं होडीत घालून नदीने समुद्राकडे नेतात.

"सात जाती एका पिपात, शकू," आबा रात्री जेवताना म्हणाले होते, "आणि सहा वर्षांत एकीचीही तक्रार नाही. आपल्या पेठेत सांगून बघ!"

हे सगळं त्यांनी पत्राच्या अर्थाखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं. शेवटी लिहिलं, रस लाकडातच ठेवावा, लागेल तसा काढावा, धातूच्या भांड्यात साठवू नये.

पुढे चैत्रात वाड्यातली चार माणसं ओकून ओकून आडवी झाली. सरदारांचे काका आठ दिवस उठले नाहीत. फिरंग्याने विष घातलं आणि शेणव्याने ते लपवलं, अशी हाकाटी झाली. आबांना चौकात उन्हात उभं केलं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कोणी काही विचारलं नाही. नुसतं उभं केलं. साठीचा माणूस. घरी आले ते ताप घेऊनच. नवव्या दिवशी संपलं.

"उद्या तेरावा," नारोपंत म्हणाले. "ब्राह्मण पानावर बसायला कां कूं करताहेत. स्वाभाविक आहे. हा कागद झाला की मी स्वतः सांगेन. तुमच्या वडिलांच्या जागेचंही बघता येईल. चूक माणसाकडूनच होते."

"कोणाकडून झाली, तेच विचारायचंय," शकू आतून म्हणाली.

नारोपंतांनी मान वळवली नाही. "घरात आणखी कोणी बोलणारं आहे वाटतं."

"आहे. रस आपण पिपातून कशात काढलात, कारभारी?"

"बाई, हा राजकारणाचा विषय आहे."

"भांड्यांचा आहे. आपल्याकडचा भैरू पाणक्या आबांना पोचवायला ओंकारेश्वराला आला होता. परतताना आमच्या दारात येऊन तो रडत म्हणाला, 'देवाच्या पान्याचे हंडे हुते बाई, त्यात वतला. पंधरा दिसांनी बघितलं तर आतनं समदं हिरवं.' खरं का?"

नारोपंतांनी उपरणं सावरलं. "पिपाला कोणाकोणाचे हात लागलेले! ते लाकूड वाड्यात ठेवायचं? तांबं शुद्ध. चिंचेने घासून लखलखीत केलेले हंडे होते, माझ्या देखरेखीखाली."

"आणि आतून कल्हई?"

"देवाच्या हंड्यांना कल्हई लावत नाहीत. एवढं तरी ठाऊक असेल."

"ठाऊक आहे. म्हणून त्यात पाणी ठेवतात. ताक कोणी ठेवतं का? आमच्या घरात नऊ वर्षांची पोरसुद्धा बिनकल्हईच्या तांब्यात ताक विरजत नाही. कळकतं, पोटात गेलं तर ओकाऱ्या होतात. हा तर सहा वर्षांचा आंबट रस. आपल्या वाड्यात वैद्य, शास्त्री, कारभारी, एवढी मोठी डोकी. एकाने मुदपाकखान्यातल्या बाईला विचारलं असतं तर आमचे आबा आज असते."

तिचा आवाज चढला नव्हता. तिने आतून आबांकडची नक्कल आणली आणि दिगंबरपुढे ठेवली. "धातूच्या भांड्यात साठवू नये. लिहिलेलं आहे."

नारोपंतांनी कागद हातातही घेतला नाही. "ही घरातली नक्कल. मूळ कागदावर असं काही होतं, याला साक्ष कोण?"

मग शकूच्या ध्यानात आलं, की दिगंबर नकलेकडे बघत नाहीये. तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. लहानपणी लोणच्याची बरणी फुटली तेव्हा बघत होता, तसाच.

"दिगू," ती म्हणाली, "पत्र वाड्यावर कोणी नेलं होतं?"

"मी."

"वाचून कोणी दाखवलं?"

"मीच, अक्का. शेवटची ओळसुद्धा." त्याने नकलेतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "नारोपंत हसले. म्हणाले, लाकडाचं सोवळं आम्हाला शेणव्यांनी शिकवायचं का. सगळे हसले. मीही... हसलो."

"दिगंबरपंत," नारोपंत अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जागेचा विचार करा."

"आबा चौकात उभे होते तेव्हा तू कुठे होतास?" शकूने विचारलं.

"दफ्तरात. खिडकीतून दिसत होते."

शकूने दाराची चौकट घट्ट धरली. बारा दिवस तिचा सगळा राग त्या वाड्यावर होता. तो तिथे मावत होता तोवर बरं होतं.

दिगंबरने कारभाऱ्यांचा कागद त्यांच्याकडे सरकवला. "सही होणार नाही. साक्ष मी आहे. कोणी विचारलं तर हेच सांगेन. न विचारताही सांगेन."

नारोपंत उठले. जोडा घालता घालता म्हणाले, "उद्या पानं जरा बेतानेच मांडा. अन्न वाया जायला नको."

"आपलं पान धरलंच नव्हतं," शकू म्हणाली.

ते गेल्यावर दिगंबर तिच्या पायाशी वाकायला आला. ती मागे सरली.

"नको. तेराव्याला कोणी आलं नाही तरी मला चालेल, आबांनाही चाललं असतं. पण तू त्या दिवशी दफ्तरातून उठून चौकात आला असतास, तर हा तेरावाच झाला नसता. हे मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस."

"मग मी काय करू, अक्का?"

तिने दौत आणि कोरा कागद आणून त्याच्यापुढे ठेवला.

"सरदारांना लिही. तू काय वाचलंस, कोण हसलं, रस कशात ओतला, सगळं. आणि हसणाऱ्यांत पहिलं नाव तुझं घाल."

त्याने लेखणी बुडवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे नको बघूस," ती म्हणाली. "लिही."