फटीतले केस
माझ्या लीलाच्या पोटावरून पितळी लोटा घसरला आणि फरशीवर ठणकन वाजला. लीला आता रडतही नव्हती.

सासूबाईंनी पुन्हा तिच्या बेंबीवर कणकेचा दिवा लावून वर लोटा उपडा घातला. पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणायचं, ती अशी ओढून जागेवर आणायची. पण फासळ्यांखाली माझ्या हाताला नारळासारखं कठीण काही लागत होतं. सकाळपासून घोटभर पाणीही उलटून पडत होतं.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "दवाखान्यात नेते हिला."

"डाक्टरले काय समजते बेंबीचं? वर्षभर माहेरी बसली, अन् आज माया आली! पाय बाहेर टाकला तर पोरीले विसर. पोरगी आमची हाय."

मी बसले नव्हते. मुलगा होईना म्हणून मला माहेरी, चांदनीला धाडलं होतं; लीलाचं दुखणं कळलं तशी परत आले. लीलाला उचललं आणि टांगा थांबवला.

"बाप कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी आहे ना."

"अशी केस नागपूरला पाठवायचो. आता राज्यं नव्यानं आखली, ते दुसऱ्या राज्यात गेलं, आणि तेवढा वेळही नाही. जठर फुटायच्या बेतात आहे. आत्ताच उघडतो."

नंतर त्यांनी तबक पुढे केलं. जठराच्याच आकाराचा काळा, चकचकीत गोळा. "केस आहेत. मीसुद्धा पहिल्यांदाच पाहतोय. गोळा काढून जठर शिवलंय. वाचेल पोर."

तोवर सासूबाई माझ्या नवऱ्याला, वसंतरावांना घेऊन आल्या. उवा झाल्या म्हणून लीलाचं डोकं सासूबाईंनीच भादरलं होतं. त्यांनी माझी वेणी खेचून तबकाजवळ धरली.

"पाह्य वसंता! हिचेच. करणी करून चारले इनं."

"पोरं खातात हो असं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "टाके निघाले की तू चांदनीला जा. लीला घरी राहील."

दोघं गेल्यावर लीलानं डोळे उघडले. सुकलेल्या ओठांवर मी ओला बोळा फिरवला.

"सोनू, केस कुठले गं खाल्लेस?"

विंचरताना गळलेले केस आम्ही बायका गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचतो. सुया-पिना विकणारी येते, ती ते घेऊन जाते. माझ्या खोलीतली फट मी माहेरून परतले तेव्हापासून रिकामी होती.

"तुहे. फटीतले," ती पुटपुटली. "त्याले तुहा वास येत होता."

मी तिचा तळवा गालाला लावला. तिनं बोटांनी माझी वेणी शोधली, धरली.

"माय, आता तू गेली का मी काय खाऊ?"